लाँगबोर्ड घेतला खरा, पण थांबायचं कसं?

मागच्या अंकात सकाळच्या फिरण्याबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं की मी आठवड्यातनं तीन दिवस चालत नाय, लाँगबोर्डवर जाते. बास, तेवढ्यावरनं एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. काहींनी विचारलंय हे काय असतं, तर सांगते, स्केटबोर्डचा मोठा भाऊ. फळी लांब, साधारण साडेतीन फुटांच्या आसपास, चाकं मोठी आणि मऊ, उड्याबिड्या मारायला नाही तर नुसतं गुळगुळीत रस्त्यावर वळणं घेत जायला. मी स्वतः एकतिसाव्या वर्षी शिकले, एकदा मनगट मोडून घेतलंय, त्यामुळे खाली तुमचा एकेक प्रश्न घेऊन जे सांगतेय त्यातलं निम्मं पुस्तकी नाही, प्लास्टरमधलं आहे.

ताई, मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑनलाइन लाँगबोर्ड मागवला, हॉस्टेलच्या गेटसमोर पहिल्याच दिवशी पाय ठेवला आणि बोर्ड पुढं गेला, मी मागं पाठीवर. दोस्त अजून हसू लालेत. व्हिडिओ बघून बघून प्रयत्न करू लालोय पण जमंना. सुरुवात कुठनं करू?

भावा, पहिली गोष्ट, दोस्तांना हसू दे, त्यातला एक जण पुढच्या महिन्यात तुझ्याकडं बोर्ड मागायला येतो की नाही बघ. दुसरी गोष्ट, बोर्ड पुढं आणि माणूस मागं हे सगळ्यांचं होतं, कारण आपण घाबरून वजन मागच्या पायावर टाकतो आणि सरळ ताठ उभं राहतो, बोर्डाला काय, त्याला मागनं ढकलल्यासारखंच होतं की ते.

आता रस्ता विसर. घरात ये. आपल्या सोलापुरी चादरीची चौघडी घालून जमिनीवर टाक आणि बोर्ड त्याच्यावर ठेव. चाकं रुततात, हलत नाहीत. मी अशीच शिकले, आईची जुनी चादर होती, मोराची नक्षी असलेली, त्या मोराच्या मानेवर अजून चाकाचा डाग आहे आणि ते मला अजून ऐकून घ्यावं लागतं. तर त्या चादरीवर बोर्ड ठेवून नुसतं चढ आणि उतर. वीस वेळा, तीस वेळा. चढताना पुढचा पाय आधी, उतरताना मागचा पाय आधी. गुडघे थोडे वाकलेले, जसं बसमध्ये उभं राहताना ड्रायव्हर कधी ब्रेक मारेल सांगता येत नाही म्हणून आपण आपोआप वाकतो ना, तेवढेच.

कुठला पाय पुढं हे आधी ठरव. मागनं कुणाला तरी न सांगता हलकासा धक्का द्यायला सांग, जो पाय सावरायला पुढं पडतो तो बहुतेक तुझा पुढचा पाय. डावा पुढं असला तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढं असला तर गूफी. गूफी म्हणजे चुकीचं असं काही नाही, नुसतं नाव आहे. दोन्ही करून बघ, जे कमी भीतीचं वाटेल ते ठेव आणि मग सारखं बदलू नको.

पुढचा पाय पुढच्या चार बोल्टांच्या जरासा मागं, बोटं तिरकी पुढच्या दिशेला. मागच्या पायानं जमीन ढकलायची. बरीच पोरं उलटं करतात, मागचा पाय बोर्डवर ठेवून पुढच्यानं ढकलतात, सुरुवातीला ते सोपं वाटतं पण त्यात सगळं वजन मागं राहतं आणि पुढची चाकं हलकी होऊन भरकटतात, एकदा सवय लागली की मोडायला फार त्रास होतो, म्हणून पहिल्या दिवसापासनंच नको. ढकलताना वजन पुढच्या पायावर, पुढचा गुडघा वाकलेला, पाय लांब टाकायचा नाही, बोर्डच्या शेजारीच टाकायचा. ढकलणं असो की ब्रेक असो, दोन्ही वेळेला माणूस एकाच पायावर उभा असतो. म्हणून रोज दात घासताना पुढच्या पायावर, गुडघा किंचित वाकवून उभं राहायचं. वेड्यासारखं दिसतं, पण दोन आठवड्यांत फरक कळतो.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. तू जे व्हिडिओ बघतोयस त्यात चालवायचं कसं ते दाखवतात, थांबायचं कसं ते शेवटी अर्धा मिनिट. लाँगबोर्डला ब्रेक नसतो बाबा. सायकलला दोन ब्रेक, गाडीला दोन ब्रेक, याला शून्य. तुझा बूट हाच ब्रेक. त्याला फूटब्रेक म्हणतात. चालत्या बोर्डवर पुढचा पाय बोटं सरळ पुढं येतील असा वळवायचा, सगळं वजन त्याच्यावर घ्यायचं, पुढचा गुडघा वाकवून खाली यायचं, आणि मागचा पाय जमिनीवर अलगद टेकवायचा. दाबायचा नाही, टेकवायचा. अख्खा तळवा सपाट. नुसती बोटं टेकवली की पाय मागं खेचला जातो आणि तू गोल फिरतोस, नुसती टाच जोरात रोवली की गुडघ्याला झटका. पहिल्यांदा तळवा नुसता जमिनीला पुसत जाऊ दे, आवाज ऐक, खर्रर्र असा आला पाहिजे, धप्प असा नाही. मग हळूहळू वजन वाढवायचं.

याचा सराव असा कर. खडूनं आडवी रेघ मार, दहा-बारा पावलं मागं जा, दोनदा ढकल आणि रेघेच्या आधी थांब. वीस वेळा सलग रेघ न ओलांडता थांबता आलं की मग तीनदा ढकलायचं. मी हे पंधरा दिवस केलं. कंटाळा येतो, येऊ दे. बुटाचा तळ झिजतो, तोही झिजू दे, म्हणून जुने सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट वापर, जाड उंच तळाचे रनिंग शूज नको, त्यात बोर्ड पायाला कळतच नाही. आणि चप्पल घालून चढलास तर मला पत्र लिहू नको.

तोपर्यंत वेगाचा एकच हिशोब. जितक्या वेगानं तुला पळता येतं त्याहून जास्त वेगानं बोर्ड न्यायचा नाही. कारण पळण्याइतक्या वेगात काही झालं तर उडी मारून चार पावलं पळत उतरता येतं, त्याच्या वर गेलं की पाय पुरत नाहीत, मग तोंडावरच.

जागा म्हणशील तर सोलापूर बऱ्यापैकी सपाट आहे, हे आपलं नशीब. पण गेटसमोरचा रस्ता नको. जिथं गाड्या येत नाहीत असं सिमेंटचं पार्किंग, नाहीतर परवानगी घेऊन शाळेचं बास्केटबॉल कोर्ट. पाण्याची बाटली आडवी ठेवून बघ, घरंगळली तर उतार आहे, जागा बदल. आणि आधी एक फेरी चालत मार, खडे पायानं बाजूला कर. माझं मनगट ज्या खड्यानं मोडलं तो शेंगदाण्याएवढा होता.

ताई नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याच्या मामानं पुण्याहून लाँगबोर्ड आणून दिला. मला फार भीती वाटते पण पोरगं ऐकत नाही. शेजारचे अण्णा म्हणतात क्रिकेटचं हेल्मेट घाला, झालं. तेवढं पुरतं का? आणि या वयात द्यावं का?

ताई, मामा लोकांचं काही करता येत नाही. पण ११ वर्ष हे वय ठीक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की ५ वर्षांच्या आतल्या मुलांनी स्केटबोर्ड वापरूच नये आणि ६ ते १० वयाच्या मुलांजवळ मोठं माणूस कायम पाहिजे. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, तोल वरच्या बाजूला राहतो आणि रस्त्यावर काय होऊ शकतं याचा अंदाजही त्यांना नसतो. तुमचा त्या वयातनं नुकताच बाहेर आलाय, म्हणून पहिले दोन-तीन महिने तुम्ही किंवा घरातलं कुणी तरी तिथं असा. लांबनं गप्पा मारत नाही, तिथं.

अण्णांना नमस्कार सांगा पण क्रिकेटचं हेल्मेट नाही चालणार. ते बॉल लागू नये म्हणून बनवलंय, माणूस मागं पडून डोक्याची मागची बाजू सिमेंटवर आपटेल यासाठी नाही. आणि बोर्डवरनं मागं पडणं पण बरंच होतं. मोटरसायकलचं फुल फेस हेल्मेट डोकं वाचवतं पण जड असतं, लहान पोराची मान दुखते, मागनं येणाऱ्या गाडीचा आवाज कळत नाही आणि आपल्या उन्हात पोरगं पाच मिनिटांत ते काढून फेकून देणार. स्केटिंगचं हेल्मेट घ्या, डोक्याच्या मागनं खालपर्यंत येणारं. आत स्टिकर बघा, ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ १४९२ असं काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे, ही त्याच्या चाचणीची मानकं आहेत. पहिलं सायकल आणि स्केटिंग दोन्हीला चालतं, दुसरं खास स्केटबोर्डसाठीचं. खेळण्याच्या दुकानात गुडघ्याच्या पॅडसोबत कॉम्बोमध्ये मिळतं ते पातळ प्लास्टिकचं टोपलं घेऊ नका, ते दिसायला हेल्मेट आहे.

घातल्यावर भुवईच्या वर दोन बोटं जागा, त्याहून वर सरकलेलं नको. कानाच्या खाली पट्ट्यांचा व्ही झाला पाहिजे. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच पट्टा सैल. मग पोराला मान जोरात हलवायला सांगा, हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे, डोक्यावर नाही. आणि एकदा जोरात आपटलं की ते बाद, बाहेरनं कितीही चांगलं दिसलं तरी, कारण बऱ्याच हेल्मेटांचा आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो. मोठा भाऊ वापरून झालेलं जुनं हेल्मेट धाकट्याला, हा आपला मध्यमवर्गी हिशोब इथं चालत नाही.

हेल्मेटनंतर माझ्या मते मनगटाचे गार्ड, गुडघ्याच्या पॅडच्याही आधी. लोक उलटं करतात कारण गुडघा खरचटलेला दिसतो. पडताना माणूस आपोआप हात पुढं करतो, कोपर ताठ, तळहात उघडा, आणि सगळं वजन मनगटावर येतं. माझं तसंच झालं. वर सांगितलेला तो खडा पुढच्या चाकाखाली आला, बोर्ड जागेवर थांबला आणि मी पुढं. गार्ड घरी होते, कारण "आज दहाच मिनिटं जायचंय". हात सुजला पण फार नाही, पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, मला वाटलं मुका मार. पण अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक छोटा खड्डा पडतो बघा, तिथं बोट ठेवलं की जीव जायचा. हाडाच्या डॉक्टरांनी तिथंच दाबून बघितलं आणि म्हणाले प्लास्टर घालू, दहा-बारा दिवसांनी परत एक्सरे काढू. परत काढला तेव्हा बारीक रेघ दिसली. स्कॅफॉइड म्हणून काजूएवढं हाड असतं, त्याचं फ्रॅक्चर पहिल्या फोटोत कधी कधी दिसतच नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्यानं भरायला वेळ घेतं. हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण पोरं पडल्यावर "काही नाही झालं" म्हणतात. तिथं दाबून बघा, दुखलं तर तेल चोळत बसू नका, डॉक्टर. आणि डोक्याला मार बसून उलटी झाली, गुंगी आली, विसरल्यासारखं बोलायला लागलं तर एक मिनिट थांबू नका, सरळ दवाखाना.

पडायला पण शिकवा. घरात गादी टाकून, पॅड घालून. आधी खाली बसत यायचं, म्हणजे पडायची उंचीच कमी होते, मग गुडघ्याच्या पॅडवर यायचं, मग कोपर वाकवून कुशीवर गडगडत जायचं. मुठी हलक्या मिटलेल्या. ताठ व्हायचं नाही. पोरांना हा खेळ फार आवडतो, माझी भाची बोर्डपेक्षा पडायचीच प्रॅक्टिस जास्त करते.

अजून एक, तो ऑलिम्पिकचं नाव सांगून तुमच्याशी वाद घालेल. स्केटबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये आलंय, टोकियोपासनं, म्हणजे २०२१ मध्ये झालं ते. पण तिथं पार्क आणि स्ट्रीट असे दोन प्रकार असतात, लाँगबोर्ड नसतो. एवढं सांगितलं की अर्धा तास शांत बसेल.

मी ४४ वर्षांचा शिक्षक, वजन ८६ किलो. मुलीचा लाँगबोर्ड पडून आहे. शिकावं वाटतं, पण बायको म्हणते आता हाडं मोडून घेऊन रजा टाकणार का. खरं सांगा, वय झालं का?

सर, वय नाही झालं, पण वहिनींचंही चूक नाही. या वयात हाड भरायला वेळ लागतो, म्हणून पॅड सगळे आणि घाई अजिबात नाही, एवढाच फरक. उलट मोठ्या माणसांचं एक बरं असतं, उगाच वेग घेत नाहीत.

वजनाचं बघा. बोर्डखाली पुढं-मागं जे धातूचे ट्रक असतात त्यात रबरासारख्या गोल बुशिंग असतात, बोर्ड किती सहज झुकतो ते त्यांच्यावर आहे. मुलीच्या वजनाला बरोबर असलेल्या तुम्हाला मऊ पडणार, बोर्ड लगेच लोळल्यासारखा वाटेल. मधला मोठा नट, किंगपिनचा, तो थोडा आवळा. फार आवळून चेंबलं तर वळणारच नाही, तेव्हा कडक बुशिंग बदलून मिळतात, ते बरं. आणि फळी मधोमध किती वाकते बघा, उभं राहिल्यावर पोट जमिनीकडं जायला लागलं, म्हणजे बोर्डाचं, तर तो तुमच्यासाठी नाही, दुसरा घ्या. फळी जमिनीला जितकी जवळ तितकं ढकलायला आणि थांबवायला सोपं, म्हणून घेणार असाल तर ड्रॉप थ्रू म्हणून प्रकार मिळतो, त्यात ट्रक फळीच्या आरपार बसवलेला असतो, तो बघा.

वहिनींना पण उभं करा एकदा चादरीवर. बऱ्याच बायकांनी कपड्यांचं विचारलंय तर इथंच सांगून टाकते, पंजाबी ड्रेसवर चालतं, मी पण सुरुवातीला तसंच केलं, फक्त ओढणी घरी ठेवायची, पिन लावून पण नको, आणि पायाशी घोळ असलेली पलाझो नको.

मित्राबरोबर पहाटे पुलाच्या उतारावर बोर्ड सोडला. खाली येता येता बोर्ड डावीकडं उजवीकडं थरथरायला लागला आणि वाढतच गेला. मी गवतात पडलो म्हणून वाचलो. बोर्डमध्ये काही खराबी आहे का?

खराबी बोर्डात नाही बे. शिकून किती दिवस झाले ते लिहिलं नाहीस, म्हणजे मला कळलं. फ्लायओव्हर ही काय जागा आहे का, पहाटे पाचलासुद्धा ट्रॅव्हल्सच्या बस येतात, त्या ड्रायव्हरला तू दिसणार पण नाहीस.

जे झालं त्याला स्पीड वॉबल म्हणतात. वेग वाढला की अंग ताठ होतं, घोटे घट्ट होतात, बोर्ड जरासा एका बाजूला झुकला की आपण घाबरून दुसऱ्या बाजूला जोर देतो, तो पण जास्त होतो, मग परत इकडं, आणि ही मारामारी वाढत जाते. जास्त करून वजन मागच्या पायावर असलं की हे होतं, कारण मग मागचा ट्रक वळवायला लागतो आणि बोर्ड मागनं शेपूट हलवतो. तेव्हा वजन पुढच्या पायावर टाकायचं, निम्म्याहून बरंच जास्त, गुडघे वाकवून खाली यायचं, पाय सैल सोडायचे, नजर लांब. पायाकडं बघितलं की संपलं. थरथर थांबली की मग फूटब्रेक, आणि दोन्ही हात पसरून छाती वर केली तर वारा पण थोडा वेग खातो.

पण हे सगळं वाचून परत उतारावर जाशील म्हणून एक गणित सांगते. वेग दुप्पट झाला की आपटण्याची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. आणि उतारावर तुझं काही काम नसतं, वेग आपोआप वाढत राहतो. म्हणून उताराचा नियम, आधी खालनं वर चालत जायचं, अगदी थोडं, दहा पावलं, तिथनं सुटायचं आणि खाली सपाट जागा एवढी पाहिजे की काहीच केलं नाही तरी बोर्ड आपोआप थांबला पाहिजे. ब्रेक मारत खाली येता आलं की अकरावं पाऊल. हातमोजे घालून बोर्ड आडवा घसरवून थांबवतात ती स्लाइड तुझ्यासाठी अजून लांब आहे.

स्केटबोर्ड, लाँगबोर्ड, पेनी, वेव्हबोर्ड यात नवख्यानं काय घ्यावं?

नुसतं फिरायचं असेल तर लाँगबोर्ड. पेनी म्हणजे ते छोटं रंगीत प्लास्टिकचं, दिसायला सोपं पण पाय मावत नाही, नवख्याला अवघड. वेव्हबोर्डला दोनच चाकं असतात, तो वेगळाच खेळ आहे. स्केटबोर्डची चाकं साधारण ५२ मिमीची आणि कडक, आपल्या डांबरावर दात वाजतात, लाँगबोर्डची ७० मिमीच्या आसपास आणि मऊ. चाकावर ७८ए, ८०ए असं लिहिलेलं असतं, आकडा जितका कमी तितकं चाक मऊ. ही युरेथेनची चाकं अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या माणसानं बोर्डला आणली, त्याआधी माती मिसळलेली कडक नाहीतर लोखंडी चाकं असायची, खडा आला की जागेवर ठप्प. मऊ चाक छोट्या खड्यावरनं जातं. शेंगदाण्याएवढ्यावरनं नेहमी जाईलच असं नाही, ते मी बघितलंय.

दुकानदार एबेक ७, एबेक ९ बेअरिंग सांगून जास्त पैसे मागेल तर देऊ नका, बेअरिंग किती अचूक बनवलंय त्याचा तो आकडा कारखान्यातल्या मशीनसाठी आहे, तुमच्या फिरण्याला त्याचा उपयोग नाही.

ऊन, पाऊस, कुत्री. सोलापुरात जमतं का हो हे?

एका ओळीत तिन्ही दुखणी लिहिलीत. ऊन, सकाळी सहा ते साडेसात, बास. एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर पारा असतो तेव्हा संध्याकाळी सहालासुद्धा डांबर तापलेलं असतं, पडलात तर खरचटणं वेगळं आणि भाजणं वेगळं. पाणी प्या, रात्रीच्या जागरणावर जाऊ नका. पाऊस, नाही म्हणजे नाही. ओल्या रस्त्यावर चाक धरत नाही, बूट पण घसरतो म्हणजे ब्रेकच गेला, वर फळी फुगते आणि बेअरिंग गंजतात. पावसानंतर दोन दिवस रस्त्यावर जी बारीक काळी माती वाळून बसते ती पण घसरवते, झाडून बघा मगच.

कुत्री. चाकाचा आवाज त्यांना आवडत नाही, हे मान्य करायचं. बोर्ड जोरात पळवायला जाऊ नका, वेगात तुम्हीच जास्त घाबरता. लांबनं दिसलं की उतरायचं, बोर्ड हातात घेऊन त्याच्या आणि आपल्या मध्ये धरायचा आणि चालत जायचं. चालणाऱ्या माणसात त्यांना फारसा रस नसतो. आमच्या गल्लीतलं तांबडं कुत्रं महिनाभर भुंकलं, आता नुसतं एक डोळा उघडून बघतं.

माझा बोर्ड सहा महिन्यांत जड झालाय. ढकललं की चार फुटांवर थांबतो. चाक हातानं फिरवलं तर एकच चाक अडकतंय. तेल घालू का?

थांबा, आधी तेल नको. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहता असं लिहिलंय म्हणून मला अंदाज आहे. तेरा नंबरच्या पान्यानं त्या चाकाचा नट काढा, चाक ओढून घ्या आणि आसावर, जिथं बेअरिंग बसतं तिथं बघा. माझं असंच झालं होतं. डावं मागचं चाक अडकायचं, मी दोनदा तेल घातलं, त्यानं धूळ अजून चिकटली आणि चाक अजून जड. शेवटी रविवारी वर्तमानपत्र पसरून उघडलं तर आसाभोवती सुताचं कडं झालेलं, इतकं घट्ट की नखानं निघेना, ब्लेडनं कापून चिमट्यानं ओढावं लागलं, एक टोक धरून ओढलं तर हातभर लांब धागा निघत गेला. यंत्रमागाच्या आणि शिलाईच्या गल्लीतनं जाता-येता रस्त्यावर सूत पडलेलंच असतं, चाक ते उचलतं आणि गुंडाळत बसतं.

धागा काढून झाल्यावर बेअरिंग कोरड्या कापडानं पुसा, कडेची पातळ झाकणी सुईनं निघत असेल तर काढून आत इसोप्रोपाईल अल्कोहोलनं धुवा, पूर्ण वाळू द्या, मग शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब, दोनच. खोबरेल नको, ते चिकट होतं. नट लावताना पूर्ण आवळून मग जरासा सोडा, चाक आसावर केसभर डुगडुगलं पाहिजे आणि हातानं फिरवलं की बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे. आणि सगळ्या चाकांचे नट तेव्हाच बघून घ्या, दर आठवड्याला बघा, चाक निसटलं तर तुमचा ब्रेक कितीही चांगला असो.

मी दिवसा युनिफॉर्मच्या युनिटमध्ये हिशोब बघते. माझ्या चाकातनं निघालेला धागा खाकी होता, म्हणजे आमच्याच इथला.